दुकानात लेकराला लागलं, तर दुकानदारानं आधी काय करायचं?

टिळकवाडीची आत्या
दुकानात लेकराला लागलं की पहिली दहा मिनिटं लेकराची. चूक कुणाची, खर्च कुणाचा, पोराला मोकळं कुणी सोडलं, हे सगळं नंतर. माझं म्हणणं एवढंच आहे. इथल्या दुकानदारांनीही त्यावर बोलावं म्हणून धागा काढतेय.

झालं असं. बेळगावात खडेबाजारच्या बाजूला एका रेडिमेडच्या दुकानात आम्ही लग्नाच्या खरेदीला गेलो होतो. भाचा चार वर्षांचा. कपडे अडकवायचा चाकांचा लोखंडी स्टँड जायच्या-यायच्या वाटेवरच उभा होता. भाच्यानं खालच्या दांडीवर पाय ठेवला, वरची दांडी धरली, आणि स्टँड कुर्त्यांसकट त्याच्या अंगावर आला. भुवईच्या वर खोक पडली. कपाळाची जखम, रक्त थांबेना. वहिनी घाबरून खालीच बसली. काउंटरवरचा माणूस धावत आला आणि आधी कुर्ते उचलायला लागला. "पोरगं सांभाळाय येत नाही काय?" हे त्याचं पहिलं वाक्य. फडकं मागितलं तर काच पुसायचं कळकट फडकं पुढं केलं. चारी भिंतींना कापड लावलेलं दुकान, आणि जखमेवर दाबायला शेवटी वहिनीची ओढणी! रिक्षाही आम्हीच शोधली. टाके पडले, पोरगं आता बरं आहे.

पैसे मला नकोत. एक माणूस पुढं यायला हवा होता, ज्याच्या हातात स्वच्छ कापूस असेल आणि जवळचा दवाखाना कुठला हे ज्याला ठाऊक असेल. आणि तो स्टँड तिथून हलवायला हवा होता. आमच्यासमोर उचलून परत त्याच जागी उभा केला. आत आणखी दोन पोरं खेळत होती. मला सगळ्यात जास्त राग त्याचा आहे.

मारुती गल्ली, कापड दुकान
ताई, बाळाला बरं आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. तो माणूस जे बोलला ते चूकच. पण आमची बाजूही ऐका.

लग्नाचा बस्ता बांधायला एका घरची पंधरा-वीस माणसं येतात. मोठी माणसं गादीवर साड्या बघण्यात गुंग, आणि पाच-सहा पोरं दुकानभर. जिन्यावर उड्या, आरशाला लोंबकळणं, फिटिंग रूमचं दार आपटणं. आम्ही "बाळ, तिकडं नको" म्हटलं तर आजीला राग येतो, "पोरच आहे, काय मोडतंय काय तुमचं?" काही झालं की मग दुकानदार दगडाच्या काळजाचा.

दुसरं, पैशाचं. आम्ही शॉपकीपर्स पॉलिसी घेतो. त्यात गिऱ्हाइकाला इजा झाली तर भरपाईचा भाग वेगळा घ्यावा लागतो, आणि बरेच जण आग आणि चोरीवरच थांबतात. ज्यांनी तो घेतलाय त्यांच्या पॉलिसीत अट असते की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, पैसे द्यायचं वचन द्यायचं नाही. म्हणून दुकानदार गप्प बसतो. मन नसतं असं नाही. आणि एकाला दवाखान्याचं बिल दिलं की ते गल्लीभर होतं.

वडगावकर
पोरगं कुणाचं? आईबापाचं. मग सांभाळायचं कुणी? दुकान म्हणजे बालवाडी हाय काय? मोबाईलवर बोलत बसायचं आणि पोर पडलं की दुकानदाराच्या गळ्यात. मला तर हे आजकाल लई वाढायलंय असं वाटतंय.

शहापूरची ताई
वडगावकर दादा, चार वर्षांच्या पोराला दोरीनं बांधून आणायचं काय? एका हातात पिशव्या, एका हातात तान्हं, आणि समोर सेल्समन साड्यांवर साड्या टाकायलाय. तुम्ही कधी दोन पोरं घेऊन एकटे बाजारात जाऊन बघा.

अनगोळची सिस्टर
चूक कुणाची ते तुम्ही ठरवा. मी ड्रेसिंग रूममध्ये रोज काय बघते ते सांगते. जखमेत हळद. जखमेत कॉफी पावडर. भाजलेल्यावर टूथपेस्ट. दुकानदारांनी प्रेमानं लावलेलं असतं, आणि आम्हाला ते धुऊन काढायला पोराला परत रडवावं लागतं.

रक्त येत असेल तर स्वच्छ कापड किंवा गॉज ठेवून तळहातानं घट्ट दाबायचं, दहा मिनिटं, मध्येमध्ये उचलून बघायचं नाही. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवायचं. काच रुतली असेल तर उपसायची नाही, दोन्ही बाजूंनी आधार देऊन तशीच डॉक्टरकडं न्यायची. चहा सांडून भाजलं तर नळाचं साधं पाणी वीस मिनिटं सोडायचं, बर्फ नको. जिन्यावरून पडलंय आणि मान दुखते म्हणतंय, तर उचलून पळत सुटायचं नाही, 108 लावायचा. डोक्याला मार लागला असेल तर पोर खेळायला लागलं तरी पुढचा दिवसभर लक्ष ठेवायचं. परत परत उलटी, जास्त गुंगी, झटका, कानानाकातून पाण्यासारखं काही आलं, तर लगेच मोठ्या दवाखान्यात.

हे दुकानातल्या दोन माणसांना तरी यायला हवं. प्रथमोपचाराचा डबा ठेवतात, पण उघडला की पट्ट्यांचा चिकटपणा गेलेला आणि औषधाची तारीख उलटून गेलेली.

सेल्समन, नाव नको
आत्या, तो आधी कुर्ते का उचलायला लागला ते मी सांगतो. मी या लाईनमध्ये बरीच वर्षं आहे. मालाला डाग लागला की बऱ्याच ठिकाणी तो फ्लोअरवरच्या पोरांच्या पगारातून कापतात. रक्ताचा डाग सहज जात नाही. त्या क्षणी आमच्या डोक्यात कुर्त्याची किंमत येते. हे वाईट आहे, मला मान्य आहे. पण मालकानं एकदा सगळ्यांसमोर सांगावं, "कुणाला लागलं तर माल गेला तरी चालेल, एक पैसा कापणार नाही." मग बघा, आम्हीच पहिले धावतो. आम्हालाही घरी पोरं आहेत. आणि रिक्षासाठी गल्ल्यातून शंभर रुपये काढायलाही आम्हाला मालकाला फोन लावावा लागतो.

टिळकवाडीची आत्या
दादा, हे मला माहीत नव्हतं. म्हणजे त्या माणसावर रागावून उपयोग नाही, मालकाशी बोलायला हवं. कापड दुकानवाले दादा, तुमच्याकडं कापतात काय?

मारुती गल्ली, कापड दुकान
ताई, नेहमीच्या डागांचे कापतो, तो व्यवहार आहे. लागल्या-पडल्याचे नाही कापणार, हे आज दुकानात सांगतो.

खानापूरचा वकील
दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. "चला, आधी डॉक्टरकडं" ही मदत झाली. "चूक आमची, सगळा खर्च आम्ही देतो" ही कबुली झाली. विम्याची अट दुसऱ्या वाक्याला आहे. रिक्षात घालून नेण्याला कुठलीही पॉलिसी आडवी येत नाही. अटीचं नाव सांगून हात बांधून उभं राहू नका.

"पोरगं सांभाळायचं आईबापानं" हे अर्धंच खरं. 1922 सालचा ब्रिटनमधला, ग्लासगो महापालिकेविरुद्ध टेलरचा निकाल कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवतात. सार्वजनिक बागेतली विषारी फळं खाऊन सात वर्षांचा मुलगा दगावला. फळं पोराला भुलवणारी होती आणि धोका कळायचं त्याचं वय नव्हतं, म्हणून बाग सांभाळणाऱ्यांची जबाबदारी मोठी, असं तिथं धरलं गेलं. ज्या दुकानात पोरं येणार हे तुम्हाला ठाऊक आहे, तिथं पोरानं चढावं अशी दांडी आणि खाली चाकं, हा धोका पोराला कळत नाही, तुम्हाला कळतो. आईबापाचं लक्ष नव्हतं हा मुद्दा कोर्टात येतो, पण त्यानं दुकानदार मोकळा होत नाही.

वडगावकर
म्हणजे आता पोरांचं सामान विकणाऱ्यानं दुकानच बंद करावं म्हणा की.

खानापूरचा वकील
नाही हो. चाकांना लॉक असतात, ते लावा. स्टँड भिंतीला हुकानं अडकवा. काउंटरच्या काचेच्या कडा घासून घ्या, नवी बसवताना टफन्ड घ्या, ती फुटली तर बारीक दाणे होतात, सुरे होत नाहीत. आणि सूचनेची पाटी नुसती कन्नड-इंग्रजीत लावून काम होत नाही. इथं बरीच गिऱ्हाइकं मराठी बोलणारी. चित्र लावा, ते चार वर्षांच्या पोरालाही कळतं.

चंदगडहून
आम्ही महाराष्ट्रातले, पण खरेदी सगळी बेळगावात. आमच्याबरोबर असं काही झालं तर तक्रार कर्नाटकात जाऊन, कन्नडमध्ये करायची काय? त्या भीतीनंच माणूस गप्प बसतो.

खानापूरचा वकील
ग्राहक संरक्षण कायदा 2019, जुलै 2020 पासून लागू आहे. त्याच्या कलम 34 नं तक्रारदार जिथं राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार चालते. म्हणजे तुम्हाला कोल्हापूर. मुदत दोन वर्षं. खरेदी पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही. मात्र बिल हवं. नुसतं बघायला आत गेलेल्याला ग्राहक ठरवणं अवघड जातं, मग दिवाणी दाव्याचा लांबचा रस्ता. सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवा असं दुकानाला लगेच लिहून द्या आणि पोच घ्या. काही दिवसांत त्यावर नवं चढतं.

टिळकवाडीची आत्या
म्हणूनच मला वाटतं दुकानात एक वही असावी. कधी, कुठं, कशानं लागलं, काय केलं, कोण होतं. त्याची एक प्रत आईबापाला.

मारुती गल्ली, कापड दुकान
ताई, इथं माझा ठाम विरोध. ती वही उद्या माझ्याच विरुद्ध कागद होणार. मी डबा ठेवीन, कामाच्या पोरांना सिस्टर म्हणतात ते शिकवीन, रिक्षाचे पैसे गल्ल्यात वेगळे काढून ठेवीन. स्टँड कालच भिंतीला लावला. पण माझ्या हातानं लिहून देणार नाही.

सेल्समन, नाव नको
मालक, वही आमच्याही कामाची आहे. मागे आमच्याकडं एका गिऱ्हाइकानं पायरीवरून पडलो म्हणून भांडण काढलं, कुणालाच काही आठवेना. लिहिलेलं असतं तर आमचीच सुटका झाली असती. आणि एकाच कोपऱ्यात तीनदा कुणी पडलं तर ते वहीतच दिसतं.

मारुती गल्ली, कापड दुकान
पायरीचं पटतंय. दवाखान्याच्या बिलाचं अजून नाही. विमावाल्याला उद्या विचारतो, वही ठेवली तर पॉलिसीला बाधा येते की नाही, आणि तो काय म्हणाला ते इथं टाकतो.