बाप्तिस्मा झाल्यावर परत माफी कशाला?

एका दादांनी विचारलंय की येशूने वधस्तंभावर सगळ्या पापांची किंमत भरलीये तर विश्वासणाऱ्याने रोज रोज माफी का मागायची. बायबलमधलं योहान १३ वाचा ना, येशू शिष्यांचे पाय धुतोय, तेव्हा त्याचा शिष्य पेत्र आधी म्हणतो माझे पाय धुवायचे नाहीत, मग एकदम दुसऱ्या टोकाला जाऊन हात नि डोकं पण धू म्हणतो, तेव्हा येशू सांगतो ज्याची आंघोळ झालीये त्याला फक्त पाय धुवायची गरज. म्हणजे तारण (पापातून सुटका) एकदाच, धूळ मात्र रोजची. १ योहान १:९ (आपण पापं कबूल केली तर देव क्षमा करतो) पण मंडळीतल्याच, म्हणजे चर्चच्याच लोकांना लिहिलंय आणि त्यात योहान 'आपण' म्हणतो, स्वतःला धरून.

आमच्या नाशिकच्या शरणपूर रोडचे शेजारचे काका मला चिडवतात, तुमचं बरंय राव, सोमवार ते शनिवार काहीही करा, रविवारी चर्चमधे पाटी कोरी. म्हटलं काका, हाच टोमणा प्रेषित पौलाच्या वेळी पण होता, त्याच्या रोमकरांस पत्राचा ६वा अध्याय सुरूच तिथून होतो, कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं का, तर मुळीच नाही. (पापं धुवायला लोक रामकुंडात आंघोळ करतात, तो विषय मी काढला नाही, चहा त्यांच्या घरचा होता 😄)

कॅथलिक लोक फादरसमोर कन्फेशन (पापांची कबुली) करतात, आमच्याकडे थेट देवाला. पण याकोब ५:१६ मधे एकमेकांजवळ पापं कबूल करा म्हटलंय ते आम्ही प्रोटेस्टंट सोयीस्कर विसरतो असं माझं मत. आणि कोणाचे पैसे खाल्ले असतील तर प्रार्थनेबरोबर ते परत पण करायचे, लूक १९ मधला जकातदार जक्कय चौपट द्यायला तयार झाला होता.