पुणे सोडून चिपळूणहून काम करतंय का कोणी?

खेकडा: कंपनी हिंजवडीला, आता आठवड्यातनं ३ दिवस या म्हणतायत. पण मॅनेजर बोलला की महिन्यातनं एक आठवडा सलग आलास तरी चालवून घेऊ, मग वाकडला भाडं भरत बसण्यापेक्षा चिपळूणला आईबाबांकडेच राहावं असं डोक्यात आहे. पावसाळ्यात नेट टिकतं का तिकडे?

घाटमाथा: फायबर घे. खरा घोळ लाइटीचा आहे. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लाव, लॅपटॉप काय स्वतःच्या बॅटरीवर निघतो. हॉटस्पॉटच्या भरवशावर अजिबात राहू नको, लाइट जास्त वेळ गेली की टॉवर पण झोपतो.

बाकावरचा: "मॅनेजर बोलला" म्हणजे काय रे, मेलवर घे आधी! टीसीएसने २०२० मध्ये सांगितलेलं की २०२५ पर्यंत २५ टक्केच लोक ऑफिसात लागतील, आणि २०२३ ला पाचही दिवस या म्हणून बोलावलं.

खेकडा: मेल मागितला तर म्हणतो एचआरला कशाला मध्ये आणतोस 😅

बाकावरचा: मग झालं की. फ्लॅट सोडू नको लगेच, एखादा रूममेट घे आणि पावसाळा काढून बघ.