हंगाम संपल्यावर १२ वर्षांच्या पिचरने किती काळ थांबावे आणि त्या काळात काय करावे?

प्रश्न : पिचरची आई

माझी मुलगी १२ वर्षांची आहे आणि गेली तीन वर्षे ती सॉफ्टबॉलमध्ये विंडमिल पद्धतीने पिचिंग करते, म्हणजे हात पूर्ण वर्तुळात फिरवून बॅटरकडे खालून चेंडू टाकते. यंदाचा हंगाम गेल्या आठवड्यात संपला. संघात पिचिंग करणाऱ्या दोनच मुली होत्या आणि दुसरीचा घोटा मध्येच मुरगळल्यामुळे शेवटचे दीड महिने जवळपास सगळा भार हिच्यावर आला. तिचे चेंडू मी एका वहीत मोजून ठेवते. शेवटच्या स्पर्धेत तिने शनिवारी तीन सामन्यांत मिळून १८७ आणि रविवारी दोन सामन्यांत १२४ चेंडू टाकले. सामन्यांआधीच्या वॉर्म-अपचे चेंडू यात धरलेले नाहीत.

सोमवारी सकाळी ती आरशासमोर केसांना रबर लावत होती, तेव्हा उजवा हात वर नेण्याऐवजी तिने मान वाकवून डोकेच हाताशी आणले. विचारल्यावर "काही नाही, थोडे भरून आले आहे" एवढेच म्हणाली. दुखते ते खांद्याच्या पुढच्या बाजूला, दंडाच्या अगदी वरच्या टोकाशी.

तिच्या प्रशिक्षकांचे म्हणणे असे की दोन आठवड्यांची विश्रांती पुरेशी आहे आणि त्यानंतर आठवड्यातून तीन दिवस पिचिंगचा सराव सुरू करावा. हात खालून फिरत असल्यामुळे ही हालचाल शरीराला नैसर्गिक आहे, बेसबॉलच्या पिचरला होतो तसा त्रास यात होत नाही, आणि वयोगट बदलल्यावर पिचिंगचे अंतर ४० फुटांवरून ४३ फुटांवर जाणार असताना दोन-तीन महिने थांबल्यास लय जाईल, असे ते सांगतात. त्यांच्याविषयी मला आदर आहे, कारण मुलीला या खेळाची गोडी त्यांनीच लावली. मुलीलाही थांबायचे नाही. तरीही तो केस बांधतानाचा प्रसंग माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. तिने किती काळ थांबावे, त्या काळात काय करावे आणि पुन्हा सुरुवात कशी करावी, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ : फिजिओथेरपिस्ट, खेळाडूंच्या दुखापतींवर काम करणारी

ताई, विश्रांती किती आठवड्यांची हे ठरवण्याआधी तिला अस्थिरोगतज्ज्ञांना किंवा क्रीडावैद्यकातील डॉक्टरांना दाखवून घ्या. खेळताना दुखणे वेगळे आणि केस बांधण्यासारखे रोजचे काम टाळावेसे वाटणे वेगळे. या वयात दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाशी असलेली ग्रोथ प्लेट, म्हणजे हाड जिथून वाढते तो कूर्चेचा थर, अजून उघडा असतो आणि ओढाताणीत तोच सर्वांत आधी दुखावण्याचा धोका असतो. रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, हाडावर बोट दाबल्यावर नेमक्या एका जागी होणारी वेदना, हाताला मुंग्या येणे किंवा कोपराखाली करंगळीच्या बाजूच्या हाडात दुखणे, यांपैकी काहीही असल्यास एक दिवसही थांबू नका. करंगळीच्या बाजूच्या त्या हाडाला ताणामुळे बारीक तडा जाणे सॉफ्टबॉलच्या पिचरमध्ये आढळते आणि ते सुरुवातीला साध्या मुक्या मारासारखे वाटते.

आता "खालून टाकला म्हणजे त्रास नाही" या समजुतीविषयी. ही समजूत फार जुनी आहे आणि तिच्यामुळेच मुलींच्या चेंडूंची मोजदाद कित्येक वर्षे कोणी गांभीर्याने केली नाही. विंडमिलमध्ये हात पूर्ण वर्तुळात फिरतो आणि वर्तुळाच्या शेवटच्या भागात, चेंडू हातातून सुटण्याच्या आसपास, दंडाला खांद्याच्या खोबणीतून बाहेर खेचणारे बल जवळपास मुलीच्या स्वतःच्या वजनाइतके होते. ती ओढ धरून ठेवण्याचे आणि त्याच वेळी कोपर आवरण्याचे काम बायसेप्सला, म्हणजे दंडाच्या पुढच्या बाजूच्या स्नायूला, करावे लागते, आणि विंडमिलमध्ये हा स्नायू वरून चेंडू फेकण्यापेक्षा अधिक जोराने काम करतो, हे स्नायूंची विद्युत हालचाल मोजून दाखवले गेले आहे. बायसेप्सची लांब कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा भाग, खांद्याच्या पुढच्या बाजूनेच जाते. आपण लिहिलेली जागा तीच आहे. निदान डॉक्टरांनीच करायचे आहे, परंतु ही जागा माझ्याकडे येणाऱ्या पिचर मुलींच्या तक्रारीत किती वेळा ऐकू येते, हे मी रोज अनुभवते.

आकड्यांचे म्हणाल, तर अमेरिकेतील क्रीडा-अस्थिरोगतज्ज्ञांच्या संघटनेने पुढाकार घेतलेल्या दुखापत-प्रतिबंध मोहिमेत १० ते १२ वर्षांच्या सॉफ्टबॉल पिचरसाठी एका सामन्यात ६५ चेंडू, सलग दोन दिवस पिचिंग असल्यास दिवसाला ९५ आणि तिसऱ्या दिवशी शून्य, अशी मर्यादा सुचवलेली आहे. आपल्या वहीतील शनिवारचा आकडा याच्या जवळपास दुप्पट आहे. आपण मोजत होता म्हणून हे आज कळते आहे, त्यामुळे स्वतःला दोष देऊ नका.

विश्रांतीविषयी बालरोगतज्ज्ञांची अमेरिकन संघटना असे सांगते की मुलांनी आपल्या मुख्य खेळापासून वर्षभरात एकूण किमान तीन महिने दूर राहावे, आणि ही सुट्टी एकेका महिन्याच्या तुकड्यांत घेतली तरी चालते. बेसबॉलसाठी २०१४ मध्ये आलेल्या नियमावलीत तर वर्षातून चार महिने चेंडू फेकणे थांबवावे आणि त्यांतील दोन ते तीन महिने सलग असावेत, असे म्हटले आहे. माझे स्वतःचे मत असे की या वयाच्या विंडमिल पिचरने किमान आठ ते दहा आठवडे सलग पूर्ण वर्तुळ फिरवू नये, आणि त्यांतील पहिले तीन आठवडे कुठल्याही प्रकारे चेंडू फेकू नये. दुखणे असेल, तर हा हिशेब दुखणे थांबल्या दिवसापासून सुरू होतो.

प्रतिसाद २ : मुलींच्या संघाचा प्रशिक्षक

वरील प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे. मी स्वतः अनेक वर्षे दोन आठवड्यांनी मुलींना परत पिचिंगला उभे करत असे, त्यामुळे आपल्या प्रशिक्षकांचे म्हणणे कुठून येते हे मला समजते. लय जाण्याची भीती खरी असते, मात्र लय बिघडण्याचे कारण आपण चुकीच्या ठिकाणी शोधतो. या वयात मुलगी एका वर्षात सहा-सात सेंटिमीटर सहज वाढते. हात लांब झाला आणि पाय लांब झाले की चेंडू टाकतानाची तीच उडी आणि हाताचे तेच वर्तुळ एकमेकांशी जुळेनासे होतात, चेंडू उशिरा सुटतो आणि उंच जातो. हे सराव चालू ठेवला तरी होणारच असते. त्यामुळे मी आता हंगाम संपताना आणि नवा सुरू होताना प्रत्येक मुलीची उंची लिहून ठेवतो आणि पालकांना ती दाखवतो, म्हणजे पहिल्या आठवड्यातील वाकडेतिकडे चेंडू पाहून कोणी घाबरत नाही.

पिचिंगचा वेग जमिनीतून येतो. मागच्या पायाने पिचिंग प्लेट, म्हणजे पिचरच्या पायाखालची पट्टी, ढकलायची, पुढच्या पायावर ठामपणे उतरायचे, आणि पायांचा तो जोर कमरेतून आणि पाठीतून हातापर्यंत पोहोचवायचा. पाय आणि नितंबांचे स्नायू कच्चे असले की उरलेले काम खांदा करतो, आणि हंगामात ते कच्चेपण दुरुस्त करायला वेळच नसतो. म्हणून पहिले दोन आठवडे पूर्ण मोकळे सोडल्यावर, म्हणजे त्या दिवसांत मुलीने मनाला येईल ते खेळावे आणि बॅट-ग्लव्ह कपाटात राहू द्यावे, त्यानंतर आठवड्यातून तीन दिवस साधारण ४० मिनिटे आम्ही ताकदीचे काम करतो. त्यात एका पायावर बसून उठणे, पायरीवर चढ-उतार, पाठीवर झोपून कंबर उचलणे, पाठ सरळ ठेवून कमरेतून वाकत वजन उचलणे, कुशीवरचा प्लँक (कुशीवर होऊन कोपरावर अंग सरळ तोलून धरणे), आणि उडी मारून आवाज न करता उतरणे हे मुख्य असते. या शेवटच्या व्यायामाकडे मी फार लक्ष देतो, कारण उतरताना गुडघा आत झुकणारी मुलगी पिचिंगमध्येही पुढच्या पायावर तशीच उतरते, आणि हे तिला शब्दांनी सांगून कळत नाही, समोर आरसा ठेवल्यावर एका मिनिटात कळते. खांद्यासाठी रबरी पट्टा मागे ओढून खांद्याची पाती जवळ आणणे आणि कोपर अंगाशी ठेवून हात बाहेर फिरवणे, एवढे पुरते. तेही दुखत नसेल तरच. वजनदार चेंडूंनी पिचिंग करण्याची पद्धत अलीकडे या वयाच्या मुलींपर्यंत पोहोचली आहे. ग्रोथ प्लेट उघड्या असताना मी ती वापरत नाही आणि इतरांनीही वापरू नये असे मला मनापासून वाटते.

परत येताना घाई न करता सहा आठवडे द्यावेत. आधी वरून हलके झेल-फेक, २५-३० फुटांवरून. मग केवळ मनगटाने चेंडू सोडणे, मग हात डोक्यावर नेऊन तिथून खाली आणणे, आणि हे सगळे बिनदुखीचे झाल्यावरच अर्ध्या अंतरावरून जाळीत पूर्ण वर्तुळ. सुरुवातीला एक दिवसाआड २५ ते ३० चेंडू पुरे. ज्या आठवड्यात चेंडूंची संख्या वाढवली, त्या आठवड्यात वेग वाढवायचा नाही आणि अंतरही वाढवायचे नाही, हा नियम मी कधीही मोडत नाही. फास्टबॉल (वेगवान चेंडू) आणि चेंज-अप (तशाच हालचालीने टाकलेला संथ चेंडू) पूर्ण अंतरावरून स्थिर होईपर्यंत ड्रॉप (खाली पडणारा) आणि राइज (वर उठल्यासारखा वाटणारा) हे चेंडू शिकवायला घेऊ नयेत. ४३ फुटांचे अंतर सर्वांत शेवटी.

प्रतिसाद ३ : पूर्वाश्रमीची पिचर

मी मुलीच्या बाजूने लिहिते आहे. १४ व्या वर्षी माझाही खांदा असाच पुढून दुखत असे आणि मीही "भरून आले आहे" असेच म्हणत असे. मला विश्रांती सांगितली गेली तेव्हा मी मोज्यांचा गोळा करून रात्री खोलीत भिंतीवर पूर्ण वर्तुळाने टाकत असे, कारण माझी जागा दुसरीला मिळेल ही भीती होती. भिंतीवरचा धप्प असा आवाज ऐकून एके रात्री बाबा दारात येऊन उभे राहिले. ते रागावले नाहीत, खाली बसले आणि मोजे उलगडून घडी करू लागले. तोवर सहा आठवडे फुकट गेले होते आणि पुढचा अख्खा हंगाम मी पिचिंग करू शकले नाही.

म्हणून माझी एक विनंती आहे. "दुखते का?" असे विचारू नका, त्याचे उत्तर नेहमी "नाही" असेच येते. रोज रात्री ० ते १० मधला आकडा विचारा आणि तो त्याच वहीत तिलाच लिहू द्या. दुसरे म्हणजे तिला पिचिंगशी नाते टिकेल असे काही काम द्या. मला त्या वर्षी एका ज्येष्ठ कॅचरने (बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारीने) सामन्यांची चित्रफीत दाखवून प्रत्येक चेंडूआधी थांबवून विचारायला सुरुवात केली की बॅटर होम प्लेटच्या (बॅटरजवळच्या, जिच्यावरून चेंडू जायला हवा त्या पट्टीच्या) किती जवळ उभी आहे, मागचा चेंडू कुठे होता, आता तू काय टाकशील. हात न हलवता मी त्या महिन्यांत जे शिकले ते आजही माझ्याजवळ आहे.

पिचरची आई

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. डॉक्टरांनी तपासले आणि दोन्ही खांद्यांचे एक्स-रे काढून तुलना केली. हाडाला इजा नाही, बायसेप्सच्या कंडरेला सूज आहे. चार आठवडे चेंडू अजिबात फेकू नये आणि त्यानंतर पुन्हा तपासून पुढचे ठरवू, असे त्यांनी सांगितले. ० ते १० ची कल्पना मुलीने मान्य केली. पहिल्या रात्री तिने ६ लिहिले, आणि तो आकडा पाहून मला रडू आले.

दोन शंका उरल्या आहेत. पिचिंग नसते तेव्हा ती शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या जागी, क्षेत्ररक्षण करते. ते फेकणे यात मोजायचे का? आणि या काळात तिने पोहायला गेलेले चालेल का?

फिजिओथेरपिस्ट

शॉर्टस्टॉपवरून पहिल्या बेसकडे फेकणे याच खांद्याने होते, म्हणून ते नक्की मोजायचे. या चार आठवड्यांत तेही बंद. पोहताना फ्रीस्टाइल आणि बटरफ्लायमध्ये खांदा वारंवार डोक्यावर जातो, त्यामुळे सध्या हातात फळी धरून केवळ पाय मारणे, तेही दुखत नसेल तरच. सायकल, धावणे आणि फुटबॉल या सगळ्याला माझी हरकत नाही. बॅटिंग डॉक्टरांच्या पुढच्या तपासणीनंतर. झोपेकडेही लक्ष द्या. १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना रोज ९ ते १२ तास झोप लागते, आणि सूज उतरायला ती औषधाइतकीच मदत करते. भूक लागेल तेवढे तिला पोटभर खाऊ द्या. वाढीच्या वयात व्यायामाच्या मानाने खाणे कमी पडले की हाडे कमजोर होतात, आणि पुढे पाळी सुरू झाल्यावर ती मध्येच बंद पडल्यास ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

प्रशिक्षक

एक्स-रे स्वच्छ आला हे वाचून बरे वाटले. आपल्या प्रशिक्षकांशी बोलताना डॉक्टरांची चिठ्ठी आणि आपली वही, दोन्ही समोर ठेवा. शनिवारचे १८७ आणि ९५ ची मर्यादा हे आकडे शेजारी दिसले की कोणताही सुजाण प्रशिक्षक विचारात पडतो, वाद घालत नाही. त्याच भेटीत त्यांना सुचवा की हे रिकामे महिने संघातील आणखी दोन मुलींना पिचिंगची पहिली पायरी शिकवण्यासाठी वापरावेत. दोनच पिचर असलेल्या संघात एकीचा घोटा मुरगळला की दुसरीच्या खांद्यावर सगळे येते, हे यंदा आपण पाहिलेच आहे. आणि पुढच्या हंगामापासून वॉर्म-अपचे चेंडूही त्याच वहीत, वेगळ्या रकान्यात लिहा.