एका कॅटलिनाने सिलोन वाचवलं का?

दर्यावर्दी
दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांचा विषय निघाला की गाडी ब्रिटिश स्पिटफायर आणि जपानी झीरो या लढाऊ विमानांवरून पुढे सरकतच नाही. माझं ठाम मत आहे की एप्रिल १९४२ मध्ये हिंदी महासागरात सगळ्यात मोलाची कामगिरी केली ती कॅटलिना नावाच्या एका संथ, अवजड फ्लाइंग बोटीने, म्हणजे पाण्यावरूनच उडणाऱ्या-उतरणाऱ्या विमानाने.

४ एप्रिलला कोगालाच्या सरोवरातून कॅनडाच्या ४१३ स्क्वॉड्रनचं एक कॅटलिना गस्तीवर निघालं. कोगाला म्हणजे सिलोनमधल्या (आजच्या श्रीलंकेतल्या) गॉलच्या जवळ. वैमानिक लिओनार्ड बर्चल, नुकताच सिलोनमध्ये आलेला. दिवसभर खाली नुसतं पाणी. संध्याकाळकडे क्षितिजावर ठिपके दिसले. लांबून जहाजं मोजता येत नव्हती, म्हणून तो जवळ गेला. समोर जपानी अॅडमिरल नागुमोचा ताफा होता, पाच विमानवाहू जहाजांसकट. वर ढगांचा आडोसा नाही आणि झीरोचा वेग कॅटलिनाच्या जवळजवळ दुप्पट. रेडिओवाला ताफ्याची जागा, दिशा आणि वेग पुन्हा पुन्हा पाठवत होता. तेवढ्यात गोळा लागून रेडिओच गेला. विमान समुद्रात कोसळलं, पाण्यात पडलेल्यांवरही गोळ्या झाडल्या गेल्या. नऊपैकी सहा जण जिवंत हाती लागले आणि युद्ध संपेपर्यंत जपानच्या कैदेत राहिले.

त्या संदेशामुळे रातोरात कोलंबो बंदरातली बरीच जहाजं बाहेर काढली. दुसऱ्या दिवशी ईस्टरच्या सकाळी पर्ल हार्बरच्या हल्ल्याचं नेतृत्व केलेला जपानी वैमानिक फुचिदा आपली विमानं घेऊन आला, तेव्हा त्याला पर्ल हार्बरसारखं भरलेलं बंदर मिळालं नाही. बर्चलला 'सिलोनचा तारणहार' म्हणतात ते मला तरी अतिशयोक्तीचं वाटत नाही.

रोखठोक
साफ असहमत. बर्चलच्या धैर्याबद्दल वादच नाही, पण 'वाचवलं' हा शब्द मला मान्य नाही.

आदल्या संध्याकाळीच इशारा मिळाला होता ना? मग सकाळी कोलंबोजवळच्या रत्मलानाच्या धावपट्टीवर ब्रिटिशांची हरिकेन लढाऊ विमानं जमिनीवरच कशी सापडली? टॉर्पेडो घेऊन येणारी सहा स्वोर्डफिश विमानं ऐन हल्ल्याच्या वेळी कोलंबोजवळ पोचली आणि सहाच्या सहा पाडली गेली. हल्ला होणार हे ठाऊक असलेल्या तळाची ही अवस्था.

आणि 'बाहेर काढलेल्या' जहाजांचं काय झालं तेही सांगा. कॉर्नवॉल आणि डॉर्सेटशायर या दोन ब्रिटिश क्रूझर युद्धनौका इशाऱ्यामुळेच कोलंबोतून निघाल्या. ५ तारखेच्या दुपारी भर समुद्रात दोन्ही बुडाल्या. ४२४ माणसं गेली. ९ एप्रिलला ब्रिटिश विमानवाहू हर्मीसचीही तीच गत. तिलाही आदल्या रात्री त्रिंकोमालीतून हलवलं होतं, परत येताना बट्टिकलोआजवळ ती सापडली. विमानवाहू जहाज, पण डेकवर एकही विमान नव्हतं.

दर्यावर्दी
@रोखठोक, रत्मलानाचा दोष कॅटलिनाच्या माथी कसा मारता? टेहळणी करणाऱ्याचं काम शत्रू कुठे आहे ते कळवणं, पुढची रात्र कशी वापरायची ते सेनापतींनी बघायचं. डॉर्सेटशायर बंदरात दुरुस्तीला आली होती. तिथेच राहिली असती तर जपान्यांना हलतं लक्ष्यही शोधावं लागलं नसतं. समुद्रावर त्या दोन जहाजांवरची १,१०० हून अधिक माणसं वाचली, हेही त्याच हिशेबात धरा. शिवाय त्या क्रूझर जपान्यांना दिसल्या त्या टोने क्रूझरवरून उडालेल्या फ्लोटप्लेनमुळे. म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या टेहळणी विमानांची किंमत जपान्यांनाही पुरती कळली होती.

खाडीकाठ
हवेतलं सगळे बोलताहेत, मी पाण्यावरचं बोलतो. नांगरलेल्या फ्लाइंग बोटीइतकं हतबल काही नसतं. ३ मार्च १९४२, ऑस्ट्रेलियातलं ब्रूम. जावातून पळून आलेल्या डच बायकामुलांना घेऊन या बोटी रोबक खाडीत उभ्या होत्या. नऊ झीरो आली आणि पाण्यावरच्या किमान पंधरा बोटी जळाल्या. कित्येक प्रवासी अजून आतच होते. किमान ८८ माणसं गेली. धावपट्टीवरच्या विमानातून उतरून निदान पळता तरी येतं, इथे चहूबाजूंनी पाणी आणि त्यावर पेटलेलं पेट्रोल. लढाऊ विमानांचं संरक्षण नसताना हे यंत्र युद्धात आणणंच मला चुकीचं वाटतं.

मुक्ता
@खाडीकाठ, मग इंडॉजीचं काय करायचं? जून-जुलै १९४४, उत्तर ब्रह्मदेश. पावसाळ्याने जंगलातल्या धावपट्ट्यांचा चिखल करून टाकलेला, आणि चिंडिटांचे, म्हणजे जपानी फळीमागे लढणाऱ्या ब्रिटिश तुकड्यांचे, शेकडो जखमी, मलेरियाने खंगलेले सैनिक इंडॉजी तलावाकाठी अडकलेले. डाकोटा मालवाहू विमानं उतरणं अशक्य. तेव्हा सिलोनहून संडरलँड फ्लाइंग बोटी मागवल्या गेल्या. ब्रह्मपुत्रेवर दिब्रुगडहून उडायचं, डोंगर ओलांडून तलावावर उतरायचं, एका फेरीत चाळीसच्या आसपास माणसं उचलायची. असे सुमारे ५०० जण बाहेर आले. समुद्रावर पाणबुड्या शोधायला बनवलेलं विमान पावसाळी ढगांतून आसामचे डोंगर ओलांडत होतं! ज्या पावसाने बाकी सगळ्यांची वाट अडवली, त्याच पावसात हे विमान उपयोगी पडलं. ब्रूमसाठी फ्लाइंग बोटीला दोष देताना हेही विसरू नका.

रोखठोक
इंडॉजी मान्य, पण तिथे तोवर आकाश दोस्तांच्या ताब्यात आलं होतं. १९४२ मध्ये तसं नव्हतं.

माझा मूळ राग वेगळाच आहे. सिलोनमध्ये कॅटलिना हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बर्चल पडल्यावर मागावर गेलेलं दुसरं कॅटलिनाही परतलं नाही. त्याच आठवड्यात जपानी अॅडमिरल ओझावाचा दुसरा ताफा बंगालच्या उपसागरात मोकाट फिरत होता. वीसच्या आसपास व्यापारी जहाजं बुडाली, ६ एप्रिलला विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर बॉम्ब पडले. तिकडे किती कॅटलिना होत्या? 'तारणहार' म्हणून एका माणसाचा गौरव केला की पूर्व किनारा वाऱ्यावर सोडणाऱ्या सरकारला कोणी जाब विचारत नाही.

दर्यावर्दी
हे मात्र माझ्याच बाजूचं बोललात. विमानं कमी पडली ही तक्रार विमानाच्या विरोधात कशी जाते? आणि प्रश्न जुना झालेला नाही. मार्च १९४२ मध्ये अंदमान घेतल्यावर जपान्यांनी लगेच पोर्ट ब्लेअरला कावानिशीच्या फ्लाइंग बोटी आणल्या. त्याच कावानिशीची वारसदार शिनमायवा. तिचं पाण्यावर उतरणारं यूएस-२ विमान घ्यायची चर्चा आपण वर्षानुवर्षं केली आणि हाती काही आलं नाही. अंदमान-निकोबारसाठी ते हवंच होतं.

रोखठोक
टेहळणीसाठी आज अरक्कोणमहून नौदलाची पी-८आय गस्ती विमानं उडतात, बर्चलसारखं जहाजं मोजायला जवळ जावं लागत नाही. तेवढ्यासाठी यूएस-२ घेणं मला पटत नाही.

मुक्ता
पी-८आय पाण्यावर उतरून माणूस उचलू शकत नाही. यूएस-२ तीन मीटरच्या लाटांत उतरतं म्हणतात. ग्रेट निकोबारवरच्या कॅम्पबेल बेच्या पुढे बोट बुडाली तर हेलिकॉप्टरचा पल्ला कुठवर पुरतो, तेवढं सांगा.