मदत हवी आहे : इन-इअर लावल्यापासून मंचावर काहीच जाणवत नाही

गळा_आणि_गिटार : आमच्या रॉक बँडने मंचावरचे वेज मॉनिटर (वादकांना स्वतःचा आवाज ऐकवणारे, जमिनीवरचे तिरके स्पीकर) काढले आणि सगळे जण इन-इअरवर, म्हणजे कानातल्या इअरफोनवर आले. तेव्हापासून मला ड्रम्सचा धक्का जाणवत नाही, समोर श्रोते आहेत की नाहीत हेही कळत नाही, आणि शेवटी वैतागून मी एका कानातला इअरफोन काढून टाकतो. कार्यक्रम तोंडावर आला आहे. वेज परत मागवावेत का, एवढेच कृपया सांगावे.

मिक्सरमागचा : मिक्स (इअरफोनमध्ये येणारे सगळ्या आवाजांचे मिश्रण) प्रत्येकाचा स्वतंत्र आहे की सर्वांना एकच? मोनो (दोन्ही कानांत तेच) की स्टिरिओ (डाव्या-उजव्या कानात वेगळे)? इअरफोन कानाचा साचा घेऊन बनवलेले आहेत की रबरी टिपांचे? तोवर एक कान मोकळा ठेवणे तरी थांबवा, कारण आवाज एकाच कानात आला की तो कमी भासतो, मग आपण तो वाढवत नेतो, आणि मोकळ्या कानावर सिंबलचा मारा होतो तो वेगळाच.

जुना_बेसवाला : वेज अवश्य मागवा. ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडने 1974 मध्ये स्पीकरची भिंतच वादकांच्या पाठीशी उभी केली होती, त्यामुळे श्रोत्यांना ऐकू येई तेच वादकांनाही येई; स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरून होणारी शिट्टी टाळण्यासाठी प्रत्येक गायकापुढे उलट फेजमधले (दोन्हींत सारखा येणारा आवाज परस्पर रद्द करणारे) दोन माइक असत आणि तो त्यांतल्या एकातच गाई. रॉक अंगावर यायला हवा.

कमी_डेसिबल : अंगावर आला तो कानांवरही आला. द हू या ब्रिटिश रॉक बँडच्या लंडनमधील 1976 च्या कार्यक्रमात 32 मीटर अंतरावर 126 डेसिबल मोजले गेले; त्यांचे गिटारवादक पीट टाउनशेंड यांना पुढे कर्णनाद (कानात सतत आवाज घुमणे) जडला. अमेरिकेतील निऑश या कामगार-आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार 100 डेसिबलला दिवसाकाठी 15 मिनिटांची मर्यादा आहे. तुम्ही गिटारचे ॲम्पही काढा आणि मॉडेलर (ॲम्पच्या आवाजाची नक्कल करणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण) घ्या.

जुना_बेसवाला : मॉडेलरने ड्रम्सचा आवाज कसा कमी होणार, तेही सांगा. शिवाय ॲम्पसमोर उभे राहून फीडबॅकवर सूर लांबवायचा, तर तारांना हलवणारा स्पीकर जवळ लागतोच.

तिसरी_रांग : श्रोत्यांनी मात्र फोमऐवजी फिल्टरचे इअरप्लग वापरावेत, फोममध्ये वरचे स्वर अधिक दबतात आणि गाणे बोथट ऐकू येते.

गळा_आणि_गिटार : मी श्रोत्यांविषयी विचारलेले नाही. सर्वांना एकच मोनो मिक्स आहे आणि टिपा रबरी आहेत. याचा वेजशी काय संबंध?

मिक्सरमागचा : थेट संबंध आहे. टीप कानात घट्ट बसली नाही की सर्वांत आधी खर्ज निसटतो, आणि आपण ज्याला धक्का म्हणता तो बहुतांशी खर्जच असतो. गाणे चालू असताना इअरफोन बोटाने हलकेच आत दाबून पाहा. बेस वाढला तर मोठी टीप लावा. मंचाच्या दोन्ही टोकांना श्रोत्यांकडे तोंड केलेले दोन माइक ठेवून ते केवळ इन-इअरमध्ये द्या आणि दोन गाण्यांच्या मधे त्यांचा आवाज वाढवा. त्याचा पूर्ण लाभ स्टिरिओ मिक्समध्येच होतो. लिमिटर (आवाज ठरावीक पातळीपलीकडे जाऊ न देणारी सोय) चालू असल्याची खात्री करा. इतके करूनही पोकळी वाटली, तर एकच वेज मागवून त्यात फक्त किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि बेस द्या, गायन नको.

जुना_बेसवाला : म्हणजे वेज आलाच की!

गळा_आणि_गिटार : दाबून पाहिले, बेस लक्षणीय वाढला. पण स्टिरिओसाठी मिक्सरवर ऑक्स आउटपुट (वेगळा मिक्स बाहेर पाठवायच्या वाटा) शिल्लक नाहीत.

मिक्सरमागचा : मिक्सर कोणता आहे आणि एकूण ऑक्स किती आहेत, तेवढे लिहा.