शर्यतीपूर्वी फोर्कची जुळणी: कम्प्रेशन कमी करूनही हादरे का वाढले?

प्रश्न:
पुढील आठवड्यात माझी मोटोक्रॉस शर्यत आहे. वळणाआधी ब्रेक लावण्याच्या पट्ट्यात जे लागोपाठ उंचवटे तयार होतात, त्यांपैकी पहिले दोन-तीन फोर्क (पुढच्या चाकाचे धक्के शोषणाऱ्या दोन नळ्या) व्यवस्थित पचवतो; त्यानंतर मात्र प्रत्येक धक्का थेट मनगटात जाणवतो. फोर्क कडक आहे असे समजून मी कम्प्रेशन (फोर्क दबताना होणारा विरोध) त्याच्या स्क्रूचे चार क्लिक, म्हणजे चार खाचा, कमी केले, तरीही त्रास वाढलाच. स्प्रिंग मूळचीच असून हेल्मेट-बुटांसह माझे वजन ८५ किलो आहे. स्प्रिंग बदलावी का?

उत्तर १:
स्प्रिंगचा निर्णय तूर्त थांबवावा. पहिलाच धक्का कठोर लागत असता, तर कम्प्रेशनवर संशय घेणे योग्य ठरले असते. आपल्याकडे मात्र धक्के क्रमाने वाढत जातात, आणि याचा अर्थ बहुधा असा की रिबाउंड (दबलेला फोर्क परत उघडण्याचा वेग) फार मंद आहे: एका उंचवट्यावर दबलेला फोर्क पुरता उघडण्याआधीच पुढचा उंचवटा येतो, त्यामुळे तो दर वेळी थोडा अधिक खाली राहतो आणि अखेरीस आपल्या दबण्याच्या अंतराच्या शेवटच्या, सर्वांत कडक भागात काम करू लागतो. कम्प्रेशन कमी केल्याने तो आणखी खोल बसला असावा. ते चार क्लिक परत घ्यावेत आणि त्यानंतर फक्त रिबाउंड दोन क्लिक मोकळा (म्हणजे जलद) करून त्याच पट्ट्यावरून, त्याच वेगाने पुन्हा जावे. दोन्ही स्क्रू एकाच वेळी फिरवल्यास कशाने फरक पडला हे कळणार नाही. क्लिक नेहमी स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत बसवून, तेथून बाहेर मोजावेत आणि मूळ आकडा लिहून ठेवावा.

उत्तर २:
वरील निदान मला पटते, पण त्याआधी मागचा सॅग (भाराखाली गाडीचा मागचा भाग किती दबतो ते) मोजावा. मोठ्या मोटोक्रॉस गाडीत, चालक पूर्ण साहित्यासह बसलेला असताना, तो साधारण १०० ते १०५ मिलिमीटर असतो. तो फारच कमी असेल, तर गाडीचा मागचा भाग उंच राहून भार पुढे सरकतो आणि दोष नसलेल्या फोर्कवर आपण खापर फोडतो. स्प्रिंगचा प्रश्न सोडवायला एक साधा उपाय आहे: फोर्कच्या आतल्या चकचकीत नळीवर प्लॅस्टिकची केबल-टाय सैलसर बांधून फेरी मारावी. सर्वांत मोठ्या उडीनंतर फोर्क एखाद्या वेळी तळाला टेकला तर चिंता नाही. साध्या ब्रेकिंगमध्येही तो तळ गाठत असेल, तर स्प्रिंग आपल्या वजनाला मऊ आहे.

उत्तर ३:
पुढचे चाक नुकतेच काढून बसवले असल्यास आणखी एक गोष्ट तपासावी. अॅक्सलचा (चाकाच्या आसाचा) नट आणि त्या बाजूचे, अॅक्सल फोर्कमध्ये घट्ट धरणारे क्लॅम्प-बोल्ट आवळल्यावर, दुसऱ्या बाजूचे बोल्ट सैल ठेवूनच पुढचा ब्रेक दाबून फोर्क चार-पाच वेळा खाली-वर करावा आणि मगच ते आवळावेत. तसे न केल्यास फोर्कच्या दोन्ही नळ्या किंचित तिरप्या अडकतात, घर्षण वाढते आणि क्लिक कितीही फिरवले तरी उपयोग होत नाही. चाक अधांतरी असताना फोर्कच्या माथ्यावरील हवेच्या स्क्रूमधून आत साठलेली हवाही सोडून द्यावी.

प्रश्नकर्ता:
सॅग १०२ मिलिमीटर निघाला. अॅक्सल मात्र खरोखरच अडकलेला होता; तो सरळ केला, कम्प्रेशन पूर्ववत केले आणि मग रिबाउंड दोन क्लिक मोकळा केला. आता पाचवा-सहावा उंचवटाही पहिल्यासारखाच लागतो. टाय तळापासून सुमारे २० मिलिमीटर वर थांबला, त्यामुळे शर्यतीपूर्वी स्प्रिंगला हात लावणार नाही.