मदत हवी आहे: मीडियम वेव्हचे केंद्र बंद झाल्यावर १९७५च्या जिनिव्हा वारंवारता योजनेतील त्याच्या नोंदीचे काय होते?

नमस्कार. हौशी रेडिओश्रोत्यांसाठी मी एक माहितीलेख लिहीत आहे आणि एका मुद्द्यावर अडलो आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ नियमावलीशी ज्यांचा कामानिमित्त संबंध आला आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सुरुवातीला शब्दांनीच गोंधळात टाकले. ॲलोकेशन म्हणजे अमुक पट्टा प्रसारणासाठी, तमुक विमानांच्या दळणवळणासाठी, अशी सेवांमध्ये केलेली विभागणी. अलॉटमेंट म्हणजे एखाद्या देशासाठी किंवा प्रदेशासाठी योजनेत राखून ठेवलेली वारंवारता. आणि असाइनमेंट म्हणजे ठरावीक केंद्राला ती वापरण्याची मिळालेली मुभा. मराठीत आपण तिन्हींना ‘वाटप’ म्हणून मोकळे होतो आणि मग ‘देशाला वारंवारता मिळाली’ या वाक्यातून नेमके काय मिळाले, ते कळत नाही. याला चांगले मराठी पर्याय कोणी वापरले असतील, तर तेही सांगावेत.

वारंवारतांच्या ॲलोकेशनसाठी जगाचे तीन विभाग केलेले आहेत. युरोप आणि आफ्रिका पहिल्यात, अमेरिका खंड दुसऱ्यात, आशियाचा बराचसा भाग आणि ओशनिया तिसऱ्यात येतो. इराक पहिल्यात आहे आणि त्याला लागून असलेला इराण तिसऱ्यात. पहिल्या व तिसऱ्या विभागांतील मीडियम वेव्ह केंद्रे १९७५च्या जिनिव्हा योजनेनुसार ९ किलोहर्ट्झच्या अंतराने बसवली आहेत, तर दुसऱ्या विभागात हे अंतर १० किलोहर्ट्झ आहे. त्यामुळे ५४०, ६३०, ७२० असे दर ९० किलोहर्ट्झवरच दोन्ही मोजपट्ट्या जुळतात. एरवी रात्री दूरच्या लहरी येऊ लागल्या, की १०४० आणि १०४४ वरची दोन केंद्रे एकाच वेळी रेडिओत शिरतात आणि दोन्ही वाहक लहरींतील फरकाची, म्हणजे ४ किलोहर्ट्झची, बारीक शीळ बोलण्यावर सतत पसरून राहते. काही डिजिटल संचांना मागच्या बाजूला ९ आणि १० असे लिहिलेले छोटे बटण असते. ते चुकीच्या बाजूला राहिले, तर १०४४ वर काटेकोर थांबताच येत नाही आणि १०४० वर तोच आवाज फाटका ऐकू येतो. आंतरराष्ट्रीय करार ऐकणाऱ्याच्या हाताशी येतो तो असा, म्हणून लेखाची सुरुवात मी याच बटणापासून केली आहे.

आता मूळ प्रश्न. ही योजना २३ नोव्हेंबर १९७८ पासून अमलात आहे, आणि तिच्यात केंद्रनिहाय वारंवारता व शक्ती नोंदवलेली आहे. मात्र स्वित्झर्लंड, जर्मनी, फ्रान्स अशा देशांनी मीडियम वेव्हची मोठी केंद्रे केव्हाच बंद केली. अशा केंद्राची नोंद संबंधित देशाने स्वतःहून मागे घेईपर्यंत योजनेत कायम राहते का? राहत असेल, तर त्याच वारंवारतेवर नवे केंद्र सुरू करू पाहणाऱ्या शेजारी देशाला, प्रत्यक्षात हवेत नसलेल्या त्या केंद्रालाही संरक्षण, म्हणजे आपल्या प्रसारणाचा त्याला व्यत्यय होणार नाही याची हमी, द्यावे लागते का?

शॉर्टवेव्हवर ही अडचण मला दिसत नाही, कारण तिथली वेळापत्रके वर्षातून दोनदा, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून बदलतात आणि त्याआधी आपापसांत समन्वय केला जातो. मीडियम वेव्हची योजना मात्र दीर्घकाळासाठी आखलेली आहे. म्हणून उत्तर देताना करारातील नेमके कलम सांगितलेत, तर ते मला मुळातून वाचता येईल.